विमान का अडले? फ्लाइटगिअरमधील स्क्रिप्टच्या चुका कशा शोधाव्यात



आम्ही मंडळातले तिघे संगणकवाले. इथे न्यू जर्सीत रविवारी मराठी शाळा सुटल्यावर तासभर थांबून मुलांना संगणकाचे थोडेफार शिकवतो. गेल्या महिन्यात मुलांच्या आग्रहावरून हॉलमध्ये 'विमान उडवूया' असा छोटासा कार्यक्रम ठेवला होता. प्रोजेक्टरवर मोठा पडदा, टेबलावर जॉयस्टिक, बाजूला बटाटेवडे आणि चहा. सातवीतली एक मुलगी मुंबईच्या विमानतळावर विमान उतरवून दाखवणार होती. तिने त्यासाठी दोन आठवडे घरी सराव केला होता. पहिल्या रांगेत तिचे आजोबा बसले होते. सांताक्रूझच्या हँगरमध्ये विमान देखभालीच्या कामात त्यांची सारी नोकरी गेली. लेकीकडे सहा महिन्यांसाठी आलेले, आणि त्या आठवड्याच्या शेवटी परत जाणार होते.

आदल्या रात्री तिने नवे, दोन इंजिनांचे प्रवासी विमान महाजालावरून उतरवून घेतले होते. कार्यक्रमात ते सुरू केले. विमान धावपट्टीवर दिसले, पण कॉकपिटमधले सगळे काटे जागच्या जागी थिजलेले. इंजिन सुरू होईना. मागच्या काळ्या खिडकीत इंग्रजी ओळींचा धबधबा सुरू झाला. मुलीचा चेहरा उतरला. हळूच म्हणाली, "काका, मी काही बिघडवलं का?"

तिने काहीच बिघडवले नव्हते. पण त्या तासाभरात आम्ही काय काय चुकलो आणि शेवटी विमान कसे उडाले, ते सगळ्यांच्या उपयोगी पडेल असे वाटले. आपल्यापैकी बऱ्याच घरांत मुले हा सिम्युलेटर वापरतात. म्हणून हा लेखप्रपंच. वाचायला प्रोग्रॅमिंग यायलाच हवे असे नाही. पडद्यावरचे सगळे संदेश इंग्रजीत, रोमन लिपीत येतात. इथे ते जसे वाचले जातात तसे देवनागरीत लिहिले आहेत.

फ्लाइटगिअर म्हणजे काय?

फ्लाइटगिअर हा मुक्त स्रोत, म्हणजे ओपन सोर्स, विमान-सिम्युलेटर आहे. १९९६ साली डेव्हिड मर यांनी मांडलेल्या प्रस्तावातून त्याची सुरुवात झाली आणि १९९७ मध्ये कर्टिस ओल्सन यांच्या पुढाकाराने पहिली आवृत्ती बाहेर आली. तो जीपीएल परवान्याखाली मिळतो. म्हणजे पैसे पडत नाहीत, आणि आतला सगळा कोड कोणालाही वाचता आणि बदलता येतो. विंडोज, मॅक आणि लिनक्स, तिन्हीवर चालतो. जगभरचे स्वयंसेवक आपापल्या वेळात त्यातली विमाने, विमानतळ आणि उपकरणे तयार करतात.

त्याचे ढोबळ मानाने दोन भाग आहेत. एक मुख्य प्रोग्रॅम. तो सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला आहे. हवेचा रेटा, पंखांची उचल, इंजिनाचा जोर हे सगळे गणित त्याच्या पोटात होते. त्यासाठी जेएसबीसिम आणि यासिम अशी दोन प्रमुख गणिती यंत्रे आहेत, आणि बहुतेक विमाने त्यातले एक वापरतात. दुसरा भाग म्हणजे माहितीचे फोल्डर : विमानांची चित्रे, आवाज, उपकरणांच्या फाइली, आणि आपल्या आजच्या विषयाच्या स्क्रिप्ट.

या स्क्रिप्ट 'नॅसल' नावाच्या छोट्या भाषेत लिहितात. अँडी रॉस यांनी ती तयार केली. यासिमही त्यांचेच. ज्यांना जावास्क्रिप्टची ओळख आहे त्यांना नॅसल परकी वाटणार नाही. दार उघडणे, इंधनाचा हिशेब ठेवणे, ऑटोपायलटचे काही नियम, इंजिन सुरू करण्याचा क्रम, अशी विमानागणिक बदलणारी कामे मुख्य प्रोग्रॅमला हात न लावता नॅसलमध्ये करता येतात. म्हणूनच विमान नवे उतरवले की चुकाही बहुधा तिथेच निघतात.

डबा रिकामा आणि डबाच नाही

स्क्रिप्टच्या चुका समजायच्या तर एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. तिला 'प्रॉपर्टी ट्री' म्हणतात. नाव मोठे आहे, पण कल्पना आपल्या स्वयंपाकघरातलीच. फडताळात ओळीने डबे मांडलेले आहेत आणि प्रत्येकावर चिठ्ठी आहे, अशी कल्पना करा. एका डब्यात विमानाची उंची, एकात इंधनाचे वजन, एकात थ्रॉटल किती पुढे आहे त्याचा आकडा. मुख्य प्रोग्रॅम दर क्षणी या डब्यांत ताजे आकडे टाकतो. कॉकपिटमधले काटे आणि नॅसलच्या स्क्रिप्ट त्याच डब्यांतून आकडे वाचतात.

डबा उघडण्यासाठी स्क्रिप्टमध्ये 'गेटप्रॉप' ही आज्ञा असते आणि आकडा ठेवण्यासाठी 'सेटप्रॉप'. गेटप्रॉपला डब्याचा पूर्ण पत्ता द्यावा लागतो. पत्त्यात एका अक्षराची चूक झाली, किंवा तो डबा अजून फडताळावर आलाच नसेल, तर नॅसल 'निल' असे उत्तर देते.

निल म्हणजे शून्य नव्हे. साखरेचा डबा रिकामा असणे वेगळे आणि साखरेचा डबाच घरात नसणे वेगळे. पहिल्यात साखर शून्य चमचे आहे असे खात्रीने सांगता येते. दुसऱ्यात काहीच सांगता येत नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरच आमची फजिती झाली.

संदेश कुठे पाहायचे?

विमान सुरू होताना आणि उडताना जे जे अडते त्याची नोंद 'एफजीएफएस डॉट लॉग' नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये होते. विंडोजवर ती ॲपडेटाच्या रोमिंग फोल्डरात 'फ्लाइटगिअर डॉट ऑर्ग' नावाच्या फोल्डरमध्ये सापडते. ॲपडेटा हे फोल्डर लपवलेले असते, त्यामुळे लपलेली फोल्डरे दाखवण्याची सोय आधी चालू करावी. मॅकवर आपल्या लायब्ररीत 'ॲप्लिकेशन सपोर्ट' आणि त्यात 'फ्लाइटगिअर' असे फोल्डर असते. लिनक्सवर घरच्या फोल्डरात 'डॉट एफजीएफएस' नावाचे.

दर वेळी सिम्युलेटर सुरू केला की नोंद नव्याने सुरू होते. त्यामुळे चूक दिसल्याबरोबर सिम्युलेटर बंद करा आणि पुन्हा सुरू करण्यापूर्वी त्या फाइलची एक प्रत डेस्कटॉपवर काढून ठेवा. नोंद फार त्रोटक वाटली तर 'लॉग लेव्हल' हा पर्याय 'इन्फो' असा ठेवून सिम्युलेटर सुरू करता येतो. मग कोणती फाइल कधी वाचली तेही दिसू लागते. त्याही पुढचे 'डीबग' आणि 'बल्क' हे स्तर इतके बडबडे आहेत की नवशिक्याने त्यांच्या वाटेला न गेलेले बरे.

संदेश कसा वाचायचा?

नॅसलच्या चुकीच्या संदेशात साधारण तीन गोष्टी असतात.

१. काय झाले. उदाहरणार्थ, 'नॅसल रनटाइम एरर' आणि पुढे कारण.
२. कुठे झाले. फाइलचे पूर्ण नाव आणि ओळीचा क्रमांक.
३. तिथवर कसे पोचलो. 'कॉल्ड फ्रॉम' असे म्हणून त्या कामाला कोणी बोलावले, त्याला कोणी बोलावले, अशी उतरंड.

म्हणजे काय, कुठे आणि कोणामार्फत. पोस्टाच्या पाकिटावर असतो तितका स्पष्ट पत्ता त्यात लिहिलेला असतो. आपणच तो न वाचता पाकीट फेकून देतो. नेहमी भेटणारी कारणे अशी :

'पार्स एरर' : स्क्रिप्टच्या व्याकरणातच चूक आहे. बहुतेक वेळा अर्धविराम राहिला किंवा कंस बंद केला नाही. ओळीचा जो क्रमांक मिळतो त्याच्या वरच्या ओळीही पाहाव्यात, कारण कंस राहिल्याचे नॅसलला पुढे गेल्यावर कळते. महत्त्वाचे म्हणजे, व्याकरण चुकले तर ती सबंध फाइल वाचली जात नाही. मग तिच्यावर विसंबलेल्या इतर फाइलीही एकामागून एक अडतात.

'अनडिफाइन्ड सिंबल' : स्क्रिप्टने एक नाव वापरले, पण ते नाव कोणी ठेवलेलेच नाही. एकतर टायपिंगची चूक, किंवा ज्या फाइलमध्ये ते ठेवले होते ती फाइल आलीच नाही.

'नो सच मेंबर' : घर सापडले, पण त्या घरात त्या नावाचे कोणी राहत नाही. जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेले विमान नव्या सिम्युलेटरमध्ये चालवले, किंवा उलट केले, की हा संदेश भेटू शकतो.

'निल यूज्ड इन न्यूमेरिक कॉन्टेक्स्ट' : बेरीज-वजाबाकी करायला गेलो आणि हातात आकड्याऐवजी निल आले. म्हणजे डबाच सापडला नव्हता.

'नॉन-न्यूमेरिक स्ट्रिंग यूज्ड इन न्यूमेरिक कॉन्टेक्स्ट' : आकड्याच्या जागी शब्द आला. नॅसलमध्ये दोन शब्द जोडायला अधिकचे चिन्ह चालत नाही, नागमोडी 'टिल्ड' चिन्ह लागते. जावास्क्रिप्टची सवय असलेले इथे हमखास घसरतात. आम्हीही घसरलो आहोत.

आमची पहिली चूक

आता हॉलमध्ये परत येऊ. नोंदीत दीड-दोनशे ओळी जमल्या होत्या. आम्ही शेवटच्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली, कारण तीच डोळ्यांसमोर होती. तिथे 'अनडिफाइन्ड सिंबल'. तिच्या वर आणखी एक. तिच्या वर आणखी. पाच मिनिटांत आम्ही तिघांनी तीन निदाने केली आणि चौथ्या गोष्टीवर एकमत झाले : सगळे काढून टाकू आणि पुन्हा बसवू! हॉलच्या वायफायवर मुख्य प्रोग्रॅम आणि माहितीचे फोल्डर उतरवायला अर्धा तास गेला. वडे थंड झाले. पुन्हा विमान सुरू केले, आणि त्याच ओळी, त्याच क्रमाने.

तसे होणारच होते. उतरवलेले विमान वेगळ्या फोल्डरात होते. त्याला आम्ही हातच लावला नव्हता.

तेव्हा आजोबा उठून जवळ आले. "अरे, एवढं सगळं उतरवून परत बसवायची घाई कसली? पहिली नोंद काय आहे ती वाचा की." त्यांनी सांगितले की विमानात बिघाडाला ते 'स्नॅग' म्हणत, आणि वैमानिकाने लॉगबुकात स्नॅग लिहिला की पहिला नियम असा : काय दिसले ते आधी बघायचे, काय झाले असेल ते नंतर. दुसरा नियम, एका वेळी एकच सुटा भाग बदलायचा. दोन बदलले आणि बिघाड गेला, तर कोणत्याने गेला ते कधीच कळत नाही. "तुम्ही तर अख्खं विमानच बदललंत," ते म्हणाले, "आणि बिघडलेला भाग तेवढा तसाच ठेवलात."

आम्ही निमूटपणे नोंदीच्या सुरुवातीला गेलो. पहिली तक्रार अगदी साधी होती : अमुक नॅसल फाइल सापडली नाही. पुढे त्या फाइलचा पत्ता होता. मुलीनेच तो मोठ्याने वाचला आणि मग उघडलेल्या फोल्डरकडे बोट दाखवले. "काका, यात 'मास्टर' नाहीये. आपल्या फोल्डरच्या नावात आहे."

हेच ते कारण. कोड ठेवण्याच्या संकेतस्थळांवरून एखादे विमान झिप करून उतरवले की फोल्डरच्या नावामागे बऱ्याचदा एक रेघ आणि 'मास्टर' किंवा 'मेन' असा शब्द चिकटतो. पण विमानाच्या आतल्या फाइली एकमेकींना मूळ नावाने हाक मारतात. फोल्डरचे नाव बदलले की हाक ऐकूच जात नाही. एकही स्क्रिप्ट वाचली जात नाही, आणि जिथे जिथे त्यांतली नावे वापरली आहेत तिथे तिथे नवी तक्रार उमटते. दीडशे ओळी म्हणजे दीडशे चुका नव्हत्या. चूक एक होती, बाकीचे तिचे पडसाद.

नाव दुरुस्त करायला पाच सेकंद लागले. काटे हलले, इंजिन सुरू झाले, टाळ्या पडल्या.

आधी काय तपासावे?

या अनुभवानंतर आम्ही एक क्रम ठरवला आहे. तो वरून खाली पाळावा. प्रत्येक पायरीनंतर सिम्युलेटर पुन्हा सुरू करून पाहावा, आणि एका वेळी एकच बदल करावा.

१. सिम्युलेटरसोबत येणारे सेसना १७२पी विमान सुरू करून पाहा. ते नीट चालले तर सिम्युलेटर ठीक आहे आणि दोष तुम्ही उतरवलेल्या विमानात किंवा ते ठेवण्याच्या पद्धतीत आहे. निम्मे काम इथेच संपते.

२. नोंदीतली सर्वांत पहिली तक्रार शोधा. खालच्या ओळी सध्या सोडून द्या.

३. विमानाच्या फोल्डरचे नाव तपासा. झिप उघडताना कधी कधी फोल्डरच्या आत त्याच नावाचे आणखी एक फोल्डर तयार होते, तेही पाहा.

४. विमान कोणत्या आवृत्तीसाठी आहे ते पाहा. शक्यतो सिम्युलेटरच्या लाँचरमधल्या यादीतूनच विमान घ्यावे. तिथे आवृत्तीशी जुळणारी विमाने दाखवतात आणि फोल्डरचे नावही आपोआप बरोबर राहते.

५. लिनक्स वापरत असाल तर फाइलच्या नावातली लहान-मोठी इंग्रजी अक्षरे तपासा. विंडोज त्यांत फरक करत नाही, लिनक्स करते. त्यामुळे विंडोजवर तयार केलेले विमान तिथे उत्तम चालते आणि लिनक्सवर फाइल सापडत नाही म्हणून अडते.

६. काल चालणारे विमान आज काहीही न बदलता अडले, तर जपून ठेवलेल्या जुन्या आवडीनिवडी आड येत असतील. लॉगच्याच फोल्डरात 'ऑटोसेव्ह' ने सुरू होणारी एक फाइल असते. ती पुसू नका, नुसते नाव बदला. सिम्युलेटर नवी तयार करून घेईल. त्याने फरक पडला नाही तर जुने नाव परत द्या.

आमची दुसरी चूक

टाळ्या पडल्या खऱ्या, पण गोष्ट तिथे संपली नाही. मुलीने विमान वर नेले आणि आजोबांनी विचारले, "हा काटा का हलत नाही?" तो 'किती इंधन वापरले' हे दाखवणारा काटा होता. नोंदीत आता एकच तक्रार उरली होती : 'निल यूज्ड इन न्यूमेरिक कॉन्टेक्स्ट', इंधनाच्या फाइलमध्ये, ओळ ६१.

ओळ ६१ मध्ये साधी वजाबाकी होती. सुरुवातीचे इंधन वजा आत्ताचे इंधन. आमच्यातल्या एकाने लगेच उपाय केला : सुरुवातीचे इंधन निल असेल तर शून्य धरा. एक ओळ वाढवली, सिम्युलेटर पुन्हा सुरू केला, तक्रार नाहीशी झाली. आम्ही खूश. पण उड्डाणानंतर काटा शून्याच्याही खाली गेला. शून्यातून आत्ताचे इंधन वजा केल्यावर दुसरे काय होणार! त्या काट्याच्या हिशेबाने आमचे विमान इंधन जाळत नव्हते, तयार करत होते.

मुले खो खो हसली. आजोबा मात्र हसले नाहीत. त्यांनी मुलांना एक गोष्ट समजावून सांगितली, ती आम्हालाही नवी होती. खऱ्या कॉकपिटमधल्या कित्येक उपकरणांना एक छोटी लाल पट्टी असते. तिला 'फ्लॅग' म्हणतात. उपकरणाची वीज गेली किंवा त्याला मिळणारा संकेत भरवशाचा नसला, की ती पट्टी तोंडावर येते आणि वैमानिकाला सांगते, माझ्याकडे बघू नकोस. "बंद पडलेलं उपकरण परवडतं," ते म्हणाले, "खोटं बोलणारं नाही परवडत. तुम्ही आत्ता काटा दुरुस्त नाही केलात, नुसती लाल पट्टी काढून टाकलीत."

मंडळी, इतकी वर्षे आम्ही पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. चुकीचा संदेश दिसेनासा करणे म्हणजे चूक दुरुस्त करणे, असे मनातल्या मनात आम्हीही कितीदा धरून चाललो असू. चुकीचा संदेश म्हणजे सॉफ्टवेअरची लाल पट्टी. तो त्रास द्यायला आलेला नसतो. जे उत्तर आपल्याकडे नाही ते आहे असे भासवायला त्याने नकार दिलेला असतो.

मग खरी दुरुस्ती काय होती? संदेशाने ओळ ६१ दाखवली, कारण वजाबाकी तिथे अडली. पण निल जन्मले होते बाराव्या ओळीत. तिथे स्क्रिप्ट वाचली जातानाच गेटप्रॉपने 'एकूण इंधन' हा डबा उघडला होता. त्या क्षणी विमानाचे गणित करणारे यंत्र अजून सुरूच झाले नव्हते, म्हणून डबा फडताळावर आलेलाच नव्हता. नुसते निल हातात घेतल्याने नॅसल तक्रार करत नाही, त्याच्याशी गणित करायला गेलो की करते. म्हणून लक्षात ठेवा : संदेश चूक कुठे फुटली ते सांगतो, ती कुठे रुजली ते मागे मागे जाऊन आपण शोधायचे.

काटा कायमचा का थिजला, याचेही कारण त्याच फाइलमध्ये होते. असे काटे दर काही क्षणांनी स्वतःला पुन्हा बोलावून घेतात. त्यासाठी 'सेटटायमर' ही आज्ञा कामाच्या अगदी शेवटी लिहिलेली असते. मधेच चूक झाली की शेवटची ओळ येतच नाही. पुढचे बोलावणे जात नाही आणि काटा तिथेच थांबतो. एखादे उपकरण सुरू होऊन मग अचानक गोठले, तर आधी या गोष्टीचा संशय घ्यावा.

यावर फ्लाइटगिअरमध्ये रीतसर उपाय आहे. उड्डाणाचे गणित सुरू झाले की 'एफडीएम इनिशियलाइज्ड' नावाचा एक संकेत दिला जातो. 'सेटलिसनर' या आज्ञेने त्या संकेताची वाट पाहायची आणि तो आल्यावरच इंधनाचा डबा उघडायचा. आम्ही शून्य धरणारी ओळ काढून टाकली आणि बाराव्या ओळीतले वाचन त्या संकेताच्या आत नेले. काटा बरोबर चालू लागला. एक खबरदारी मात्र घ्यावी. विमानतळ बदलला की हा संकेत पुन्हा मिळू शकतो, आणि मग एकाऐवजी दोन घड्याळे चालू लागतात. काम आधीच सुरू आहे का, ते तपासूनच घड्याळ लावावे.

पडताळून कसे पाहायचे?

निल कुठून आले ते शोधायला दोन सोयी हाताशी आहेत. दोन्ही 'डीबग' मेनूत मिळतात. पहिली प्रॉपर्टी ब्राउझर. त्यात सगळे फडताळ उघडून दिसते आणि डब्यांतले आकडे चालू उड्डाणात बदलताना पाहता येतात. स्क्रिप्टमधला पत्ता आणि तिथला पत्ता अक्षरशः ताडून पाहा. दुसरी नॅसल कन्सोल. तिथे 'प्रिंट' आणि कंसात गेटप्रॉप लिहून एखाद्या डब्यात काय आहे ते तेव्हाच विचारता येते. फाइल उघडून ठिकठिकाणी प्रिंटच्या ओळी घातल्या तरी चालते. जुनी पद्धत आहे, पण खात्रीची. मूळ फाइलची प्रत मात्र आधी काढून ठेवा, आणि फाइल बदलल्यावर सिम्युलेटर बंद करून पुन्हा सुरू करा.

दुरुस्ती स्वतःजवळ ठेवू नका

आपल्याला दुरुस्ती सापडली, तर ती विमान तयार करणाऱ्याला कळवावी. तोही आपल्यासारखाच नोकरी-संसार सांभाळून रात्री जागणारा कोणी असतो. कळवताना चार गोष्टी द्याव्यात : सिम्युलेटरची आवृत्ती, संगणकाची प्रणाली, काय केल्यावर चूक दिसते त्याच्या पायऱ्या, आणि नोंदीतली पहिली तक्रार जशीच्या तशी. फोटो न काढता मजकूर उतरवून द्यावा. 'तुमचे विमान चालत नाही' एवढेच लिहिले तर कोणालाच काही करता येत नाही.

आमच्या विमानाची तक्रार त्या मुलीने स्वतः लिहिली. शेजारी आजोबा बसले होते. तिने पहिल्या मसुद्यात लिहिले होते, 'इंधनाचा काटा बिघडला आहे असे वाटते.' आजोबांनी 'असे वाटते' खोडायला लावले आणि विचारले, "तुला काय दिसलं?" मग तिने लिहिले : सुरू केल्यावर काटा शून्यावर थांबतो, नोंदीत ओळ ६१ येते, बाराव्या ओळीतले वाचन उशिरा केल्यावर काटा चालतो. तीन वाक्ये. आमच्या ऑफिसातही इतकी स्वच्छ तक्रार क्वचितच येते.

त्या दिवशी हॉलची वेळ संपत आली होती, तरी सगळे थांबले. तिने मुंबईला पश्चिमेकडे तोंड करून सत्तावीस क्रमांकाच्या धावपट्टीवर विमान आणले. जरा आपटले, पण उतरले. आजोबा एवढेच म्हणाले, "काटे सगळे खरं बोलत होते ना? मग झालं."

तर मंडळी, पुढच्या वेळी घरात 'बाबा, हे बिघडलं' अशी हाक आली, तर सगळे पुसून नव्याने बसवण्यापूर्वी मुलांसोबत पाच मिनिटे बसा आणि पहिली ओळ मोठ्याने वाचायला सांगा. मुलांनी काही बिघडवलेले नसते, आणि बिघडवले असले तरी ते कुठे, हे तिथेच लिहिलेले असते.

ज्यांना घरी फ्लाइटगिअर बसवताना अडचण येते आहे त्यांनी रविवारी मराठी शाळा सुटल्यावर आम्हाला जरूर भेटावे. येताना लॉगची प्रत आणावी. वडे मंडळातर्फे!

कळावे, लोभ असावा.